चाकाचे नट पुन्हा पुन्हा सैल होतात? आवळण्याआधी हे तपासा

दगडगोट्यांतून किंवा नदीपात्रातून गाडी फिरवून आणली, सवयीने पाना लावून पाहिला, आणि एका चाकाचे दोन-तीन नट पाव फेरा आत गेले. आवळले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच चाक, तेच नट. ऑफ-रोड गाडी वापरणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही, आणि तिच्यावर हमखास मिळणारा सल्लाही ठरलेला आहे: अजून जोर लावून आवळ. हा सल्ला चुकीचा आहे आणि बऱ्याचदा धोक्याचाही. नट एकदा सैल निघाला तर तो नीट आवळायचा राहून गेला असेल. दुसऱ्यांदा निघाला तर त्यामागे काहीतरी कारण आहे, आणि ते नटात क्वचितच सापडतं. बहुतेक वेळा ते रिम आणि हब (गाडीचा ज्यावर चाक बसतं तो फिरणारा भाग) जिथे एकमेकांना टेकतात तिथे दडलेलं असतं.

आधी खात्री करा की चाकच सैल आहे

कमी वेगात टक-टक असा तालात येणारा आवाज, वळताना वाढणारा. स्टिअरिंगला अचानक आलेली थरथर. ब्रेक दाबल्यावर बदलणारा खडखडाट. यातलं काहीही जाणवलं तर गाडी लगेच सपाट जागी थांबवा. पुढच्या चहापर्यंत, पुढच्या गावापर्यंत असं करू नका. सैल चाक मिनिटा-मिनिटाला स्वतःची भोकं मोठी करत असतं.

खाली उतरून बघताना नटांच्या भोवती लक्ष द्या. नटापासून बाहेरच्या दिशेने गेलेले गंजाचे तांबूस ओघळ, अलॉय रिमवर नटाभोवती काळपट भुकटी, रंग उडून चकाकणारं धातूचं कडं: या तिन्हींचा अर्थ एकच, की तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत आहेत.

मात्र बेअरिंग, बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) आणि टाय रॉड (स्टिअरिंगचा दांडा) यांचा प्लेही, म्हणजे सैलपणाही, अगदी अशाच खुणा दाखवतो. चाक जॅकवर उचला, गाडी स्टँडवर टेकवा. चाक वरून आणि खालून धरून हलवा, मग डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा. फक्त डावी-उजवीकडे प्ले आला तर संशय टाय रॉडवर. वर-खाली आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दोन्हीकडे सारखाच आला तर एकाला आत बसवून ब्रेक घट्ट दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर डिस्क जागीच धरली जाते, त्यामुळे बेअरिंगचा प्ले गायब होतो. तरीही चाक हलत असेल तर टॉर्चच्या उजेडात रिम आणि डिस्क यांच्यामधल्या फटीकडे बघा. तिथे केसाएवढी जरी हालचाल दिसली तरी दोष चाक बसवण्यात आहे. तिथे हालचाल नसेल आणि अख्खा हब हलत असेल, तर सस्पेन्शनचे सांधे तपासा.

नट नेमकं काय काम करतो

हा भाग समजला की पुढची सगळी कारणं आपोआप उलगडतात, म्हणून इथे थोडा वेळ देतो.

चाक स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या खुंट्यांवर, टांगलेलं नसतं. नट आवळला की स्टड ताणला जातो, आणि तो ताण रिमला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे रिम आणि हब यांच्यामध्ये जे घर्षण तयार होतं, ते गाडीचं वजन, ब्रेक आणि धक्के पेलतं. सुझुकी जिमनीसारख्या गाडीत १२ मिलिमीटरचा स्टड आणि १०० न्यूटन-मीटर टॉर्क (नट आवळण्याचा पिळाचा जोर) असतो. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर एवढ्या टॉर्कला एका स्टडमध्ये साधारण चार टन ताण येतो. पाच स्टडचा मिळून वीस टनांच्या आसपास. या दाबाखाली रिम हबवरून घसरतच नाही, आणि ते घसरत नाही तोवर नटालाही फिरायचं कारण नसतं.

आता खरी गोम. एवढा ताण देताना स्टड लांब किती होतो? साधारण चार-पाच शतांश मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. चाक धरून ठेवणारी सगळी ताकद एवढ्याशा लांबीत साठवलेली असते. मध्ये काही दबलं, चुरगळलं, झिजलं आणि जाडी तेवढ्याने कमी झाली, तर नट जराही न फिरता ताण जवळजवळ शून्यावर येतो. मग रिम हबवर सरकू लागतं आणि त्यानंतर नट फिरतो.

सरकण्याचा आणि नट फिरण्याचा हा संबंध गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिला. जोडणीला लांबीच्या दिशेने हादरे दिले तर नट फारसा हलत नाही. तीच जोडणी आडव्या दिशेने पुढे-मागे सरकवली तर नट भराभर उलटा फिरून निघतो. त्याच्या पद्धतीचं यंत्र आजही नट-बोल्टच्या चाचणीला वापरतात. ऑफ-रोडवर चाकाला काय सोसावं लागतं ते आठवा: एका बाजूने खडकावर टेकलेलं, टायरमधली हवा कमी केलेली, वर मोठ्या टायरचं आणि गाडीबाहेर जास्त डोकावणाऱ्या रिमचं जास्तीचं ओझं. हे सगळे आडवे धक्के आहेत. म्हणूनच डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षं निभावून गेलेली चूक ऑफ-रोडवर एका दिवसात उघडी पडते.

एक रेघ मारा आणि दोषाचा माग काढा

चाक काढा, साफ करा, बसवा, योग्य टॉर्क द्या. मग पेंट मार्करने नटावरून रिमवर जाणारी एक सरळ रेघ मारा. प्रत्येक नटाला. शिवाय कुठलं रिम कुठल्या हबवर आहे ते लिहून ठेवा. थोडं चालवून, गाडी थंड झाल्यावर टॉर्क पाना पुन्हा लावा.

रेघ जागच्या जागी, पण पाना लावल्यावर नट आणखी फिरला: मध्ये काहीतरी दबलं आहे. रंग, गंज, माती, नवीन रिमची मऊ बैठक (नट रिमवर टेकतो ती जागा) यांपैकी काहीतरी. रेघच तुटलेली, म्हणजे नट आपणहून मागे आलेला: रिम हबवर सरकतंय. दुसरी स्थिती जास्त गंभीर. तिथे चाक काढून भोकं आणि स्टड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग रिमची अदलाबदल करा. तक्रार त्याच हबवर राहिली तर हब, डिस्क किंवा स्टडमध्ये दोष. तक्रार रिमबरोबर दुसऱ्या कोपऱ्यात गेली तर रिममध्ये. चारही चाकं सैल होत असतील तर एक तर नट आणि रिम एकमेकांचे नाहीत, किंवा आवळण्याची पद्धत चुकते आहे. एवढ्या साध्या अदलाबदलीने निम्मा शोध संपतो, तरी फार कमी लोक ती करतात.

फक्त डाव्या बाजूचीच चाकं सैल होत असतील तरी चक्रावून जाऊ नका. गाडी पुढे जाताना डावं चाक बाहेरून पाहिलं तर उलट्या दिशेने फिरतं, आणि दाब कमी पडलेल्या जोडणीत सरळ आट्यांचा (उजवीकडे फिरवून आवळायचा) नट त्या बाजूला लवकर मागे येतो. जुन्या क्रायस्लर गाड्यांत याच भीतीने डाव्या बाजूला उलटे आटे देत. आजच्या गाड्यांत दोन्ही बाजूंना सरळ आटे असतात, कारण पुरेसा दाब असला की दिशेने फरक पडत नाही. तेव्हा डाव्या बाजूची तक्रारही दाब कमी पडल्याचंच सांगते.

कारणं, जिथे ती जास्त सापडतात त्या क्रमाने

रिम आणि हबमधला रंग किंवा गंज. रिमला नव्याने पावडर कोटिंग करून आणलं आणि नंतर नट सैल व्हायला लागले, तर दुसरीकडे बघूच नका. कोटिंगचा एक थर साधारण सहा ते दहा शतांश मिलिमीटर असतो, आणि स्टडची ताणलेली लांबी चार-पाच शतांश. थर दबला की ताण गेला. रिमची मागची टेकणारी बाजू आणि नटांच्या बैठका यांवर रंग नकोच. तो खरवडून धातू उघडा करा. हबच्या मधल्या उंचवट्याभोवती गंजाचं कडं साचतं, त्यावर रिम किंचित तिरकं टेकतं. वायर ब्रशने ते साफ करा आणि सरळ पट्टी आडवी धरून उजेड कुठून येतो ते बघा. नवीन गाडीत डिस्क किंवा ड्रम धरून ठेवायला स्टडवर पातळ पत्र्याच्या क्लिपा असतात. त्या तशाच राहिल्या की रिम त्यांच्यावर टेकतं.

नट आणि बैठक जुळत नसणं. हे कारण सर्वांत फसवं आहे, कारण नट आट्यांवर छान बसतो, पाना क्लिक करतो, सगळं ठीक वाटतं. बैठका मुख्यतः तीन तऱ्हेच्या: ६० अंशांच्या शंकूच्या, गोलाईच्या, आणि वॉशरवर बसणाऱ्या सपाट. गोल बैठकीत शंकूचा नट घातला तर तो फक्त एका बारीक कड्यावर टेकतो. ते कडं पहिल्याच दिवशी दबतं. कंपनीचं रिम बदलून बाहेरचं अलॉय लावताना नट जुनेच ठेवले की हा प्रकार होतो. शंका असेल तर नटाच्या टोकाला मार्करची शाई लावून तो हाताने बैठकीत फिरवा. शाई पूर्ण पट्ट्यात उमटली पाहिजे, एका रेषेत नाही. स्टेपनी स्टीलची आणि बाकीची अलॉय असतील तर स्टेपनीसाठी वेगळे नट लागतात का, हे घरीच पाहून ठेवा.

बंद टोकाचा नट आतून टेकणं. क्रोमचे टोपीवाले नट दिसायला चांगले, पण स्टड लांब असला की त्याचं टोक टोपीला आतून धडकतं. टॉर्क पाना क्लिक करतो, मात्र दाब रिमवर पडतच नाही. यात पाना बिनचूक असूनही चाक सैल असतं. नटाच्या आतली खोली आणि रिमबाहेर आलेला स्टड, दोन्ही मोजा. याच्या उलटही होतं: जाड अलॉय किंवा चाक बाहेर सरकवायला हब आणि रिममध्ये नुसती सरकवलेली स्पेसर चकती घातली की नटाला आटे कमी पडतात. साधा नियम असा की जेवढा स्टडचा व्यास तेवढी तरी आट्यांची पकड हवी. १२ मिलिमीटर व्यास आणि १.५ चे आटे (दोन आट्यांतलं अंतर १.५ मिलिमीटर) असतील तर किमान आठ पूर्ण फेरे, १.२५ चे असतील तर जवळपास दहा. फेरे हाताने मोजा. आणि १.२५ च्या स्टडवर १.५ चा नट कधीही जबरदस्तीने चढवू नका. दोन-तीन फेरे तो जातोही, आणि मग दोघांचेही आटे जातात.

बोल्टने बसणारे स्पेसर. यांत नटांचे दोन संच असतात: स्पेसर हबला धरणारा आतला, आणि रिम स्पेसरला धरणारा बाहेरचा. बाहेरचे नट लोक मनापासून तपासतात. आतले दिसत नाहीत म्हणून राहून जातात, आणि सुटतात तेव्हा अख्खं चाक स्पेसरसकट जातं. आतल्या नटांना टॉर्क द्यायचा तर चाक काढावंच लागतं, त्याला पळवाट नाही. मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील आणि रिमच्या मागे त्यांच्यासाठी खाच नसेल, तर रिम स्पेसरवर न टेकता स्टडच्या टोकांवर टेकतं. एवढी काळजी घेणं जमणार नसेल तर स्पेसर वापरूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. रुंदी हवी असेल तर योग्य ऑफसेटचं (हबवर टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते) रिम घ्या.

तेल आणि ग्रीस. आट्यांना ग्रीस लावल्याने नट सुटतो, असा समज आहे. होतं वेगळंच. आवळताना लावलेल्या टॉर्कचा सुमारे दहावा हिस्साच स्टड ताणायला जातो, बाकी सगळा घर्षणात खर्च होतो. घर्षण कमी केलं की त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, कधी त्याच्या हद्दीपलीकडे. हद्द ओलांडलेला स्टड पूर्ववत होत नाही, पुढे तो दाब धरत नाही किंवा तुटतो. हँडबुकात तेल लावा असं लिहिलं नसेल तर आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवा. गंज धरू नये म्हणून हबच्या मधल्या उंचवट्यावर ग्रीसचा पातळ हात पुरतो. टेकणाऱ्या पृष्ठभागावर आणि नटाच्या बैठकीत मात्र नाही.

स्प्रिंग वॉशर घालणं हा या रोगावरचा उपाय नव्हे. युंकरच्या चाचणीत ते टिकत नाहीत, आणि शंकूच्या बैठकीत तर ते बैठकच बिघडवतात.

बसवण्याची पद्धत

हब, रिमची मागची बाजू, बैठका, आटे: सगळं ब्रशने आणि फडक्याने साफ. वाटेत चाक बदलताना इथेच घात होतो. वाळूचा एक कण दोन पृष्ठभागांत अडकतो आणि पुढच्या काही किलोमीटरमध्ये त्याचं पीठ होतं. चाक मातीत आडवं ठेवायचं असेल तर बाहेरची बाजू खाली ठेवा.

पहिले फेरे बोटांनी. बोटांनी नट फिरत नसेल तर आटे खराब आहेत, गन (नट फिरवणारं इम्पॅक्ट यंत्र) लावून ते सुधारत नाहीत. मग एक नट सोडून समोरचा, अशा चांदणीच्या क्रमाने, चाक अधांतरी असतानाच हलकं आवळत रिम हबवर सपाट बसवा. बाहेरच्या बहुतेक रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं आणि ती फक्त नटांच्या शंकूंवर मध्यात येतात, तेव्हा ही पायरी गाळली तर चाक कायमचं किंचित बाजूला बसतं. त्यानंतर टायर जमिनीला जेमतेम टेकेल इतकी गाडी खाली घ्या आणि त्याच क्रमाने दोन-तीन टप्प्यांत पूर्ण टॉर्क द्या.

आकडा हँडबुकातला, दुसऱ्याच्या गाडीचा नाही. जीप रँग्लर जेएलला १४ मिलिमीटरच्या स्टडवर १७६ न्यूटन-मीटर लागतात. टोयोटा लँड क्रूझर २०० ला तर अलॉयवर १३१ आणि स्टील रिमवर २०९, गाडी तीच. एटीव्हीवर (मोटारसायकलसारख्या हँडलच्या छोट्या चारचाकी ऑफ-रोड गाडीवर) अनेकदा १० मिलिमीटरचे स्टड असतात, तिथे जीपच्या हिशोबाने आवळलं तर स्टड हातात येईल. बाहेरचं रिम घेतलं असेल तर रिम बनवणाऱ्याने काय सांगितलं आहे तेही बघा.

पान्यावर उभं राहून आवळण्याबद्दल एकच हिशोब पुरे. ४० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर ७० किलोचा माणूस उभा राहिला की सुमारे २७५ न्यूटन-मीटर होतात. जिमनीच्या नटाला जेवढे हवेत त्याच्या पावणेतीनपट. गनचंही तेच, ती नट उतरवायला वापरा, शेवटचा टॉर्क हाताने द्या. टॉर्क पाना नट सोडवायला वापरू नका, काम झालं की त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि वर्षातून एकदा तो तपासून घ्या.

उतारावरून ब्रेक तापवत आलेल्या गाडीवर शेवटचा टॉर्क देऊ नये. तापलेलं अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. तेव्हा मोजलेला आकडा थंड झाल्यावर खरा राहत नाही.

चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरच्या आत पुन्हा टॉर्क तपासा. नवीन रिम असतील तर त्यानंतर आणखी एकदा. कठीण ट्रेलच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी. नट थोडासा पुढे गेला तर ते पहिल्या तपासणीत चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या तपासणीतही तो जात राहिला तर वरच्या कारणांकडे परत या. बीडलॉक रिम (टायरची कड बोल्टच्या कड्याने दाबून धरणारी) असतील तर त्यांच्या कड्याचे बोल्ट हा वेगळा विषय, टॉर्कही वेगळा आणि बराच कमी, पण तेही याच वेळी बघून घ्यावेत.

जे सैल चाललं आहे, ते टाकून द्या

इथे काटकसर करू नका. चाक सैल चालल्यावर स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकून सरळ होत असतो. बाहेरून तो धडधाकट दिसेल, आत चीर सुरू झालेली असेल. अशा चाकाचे सगळे स्टड आणि सगळे नट बदला, फक्त तुटलेला नाही. एक स्टड तुटला म्हणजे त्याचा भार शेजारच्या दोघांनी वाहिलेला असतो. नवीन स्टड प्रेसने बसवून घ्या आणि तो हबमध्ये फिरत नाही ना ते पाहा. फिरत असेल तर हबचं भोक गेलं आहे. रिमचं भोक लांबट झालं असेल, बैठकीत चीर असेल, तर ते रिम भरून, वेल्डिंग करून वापरू नका. ते भंगारात जाऊ द्या.

वाटेत सैल आढळलं तर

नुसतं आवळून निघू नका. दुसरी चाकं दगडाने अडवा, चाक काढा, भोकं आणि स्टड बघा, पृष्ठभाग पुसा. भोकं गोल आणि बैठका शाबूत असतील तर त्याच पद्धतीने बसवून टॉर्क द्या, रेघ मारा, हळू चालवत पाच-दहा किलोमीटरवर थांबून रेघ तपासा. भोकं गेली असतील तर स्टेपनी लावा. नट हरवले असतील तर बाकीच्या तीन चाकांचा एकेक काढून घेता येतो, फक्त आटे आणि बैठक तीच असल्याची खात्री करून. पाच किंवा सहा नटांच्या चाकाला मुक्कामापर्यंत हळू जाण्यापुरतं ते चालतं. चार नटांच्या एटीव्हीवर हा उपाय करू नका, ती ओढून न्या. स्टडच दोन किंवा जास्त तुटले असतील तर कुठल्याच गाडीवर पुढे चालवायचा विचार नको. जागेवर स्टड बदलता आले तर ठीक, नाहीतर गाडी उचलून नेणारी दुसरी गाडी मागवा.